अनेकार्थी शब्द आणि भाषांतरकाराची निवड : इंग्रजी–इटालियन भाषांतराच्या इतिहासातील काही प्रकरणे

भाषांतरातील अडचणींचा विचार करावयास बसले म्हणजे आपले लक्ष बहुधा अपरिचित शब्दांकडे वेधले जाते. दुर्मीळ वनस्पतींची नावे, जहाजावरील दोरखंडांच्या संज्ञा, लुप्त झालेल्या चालीरीती यांना प्रतिशब्द कोठून आणावयाचे ही चिंता भाषांतरकार बोलून दाखवतात आणि टीकाकारही भाषांतर तपासताना अशाच जागा आधी उघडून पाहतात. वस्तुतः अपरिचित शब्दाचा धोका मर्यादित असतो. तो दिसताच भाषांतरकार थांबतो, कोश पाहतो, जाणकारास विचारतो, निदान एखादी टीप तरी जोडतो. खरी कसोटी लागते ती ज्यांच्यापाशी थांबण्याची आवश्यकताच वाटत नाही अशा रोजच्या शब्दांपाशी. इंग्रजीतून इटालियनमध्ये झालेल्या भाषांतरांचा गेल्या तीन-चार शतकांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. या दोन भाषांचा परस्परसंबंध जुना आहे. दोन्हींत लॅटिनचा मोठा वारसा आहे. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, इंग्रजीतील साध्या शब्दांनी इटालियन भाषांतरकारांना पुनःपुन्हा पेचात पाडले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एखादा शब्द अनेकार्थी आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते अनेकार्थत्व त्या शब्दाचा अंगभूत गुण आहे असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत अर्धेच खरे आहे. इंग्रजीतील 'वूड' हा शब्द घ्या. त्यासाठी इटालियनमध्ये झाडांचे रान असेल तर 'बॉस्को', सुताराच्या हातातील लाकूड असेल तर 'लेन्यो' आणि चुलीसाठी फोडलेले सरपण असेल तर 'लेन्या' असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. मराठी वाचकास यात काहीच नवल वाटणार नाही, कारण रान, लाकूड आणि सरपण हा भेद त्याच्याही भाषेने केलेला आहे. 'नो' या इंग्रजी क्रियापदाची गोष्ट तशीच. एखादी वस्तुस्थिती माहीत असणे म्हणजे 'सापेरे', आणि माणसाची किंवा गावाची ओळख असणे म्हणजे 'कोनोशेरे'. आता याच्या उलट पाहा. इटालियन 'निपोते' या एकाच शब्दात पुतण्या, भाचा आणि नातू असे तिघेही सामावतात. इंग्रजी त्यांतील नातवास वेगळा काढते, पण पुतण्या व भाचा यांत भेद करीत नाही. आणि मराठी तिघांनाही स्वतंत्र नावे देते. इटालियन माणसास 'निपोते' हा शब्द संदिग्ध वाटत नाही, तसा इंग्रज माणसास 'वूड' हा शब्द फारसा अनेकार्थी वाटत नाही. एका भाषेचा शब्द दुसरीच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो तेव्हाच त्याची फोड करणे भाग पडते. म्हणून अनेकार्थत्व हे पुष्कळ अंशी दोन भाषांमधील नाते असते, आणि नाते म्हटले की त्यास इतिहास असतो.

हा इतिहास कोशांपासून सुरू करणे सोयीचे आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या आणि इटालियन प्रोटेस्टंट पित्याच्या पोटी आलेल्या जॉन फ्लोरिओने १५९८ मध्ये 'अ वर्ल्ड ऑफ वर्ड्स' हा इटालियन–इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. १६११ च्या वाढीव आवृत्तीत त्यातील शब्दांची संख्या सुमारे ७४,००० वर गेली. एका इटालियन शब्दापुढे इंग्रजी प्रतिशब्दांची रास ओतावयाची ही फ्लोरिओची आवडती रीत. परंतु या कोशाची दिशा इटालियनकडून इंग्रजीकडे अशी होती. त्या काळी इटालियन ही युरोपातील प्रतिष्ठित साहित्यभाषा, तर इंग्रजी ही एका बेटावरची भाषा. तेव्हा इंग्रजी शब्दांचे अर्थ इटालियनांस समजावून सांगण्याची निकड कोणास भासावी? उलट दिशेचा भाग जोडला गेला तो १६५९ मध्ये, जोव्हान्नी तोर्रिआनोने फ्लोरिओचे काम पुढे नेले तेव्हा. त्यानंतर १७२६–२७ मध्ये आल्तिएरीचा आणि १७६० मध्ये जुझेप्पे बारेत्तीचा कोश आला. हे सारे कोश लंडनमध्ये छापले गेले ही गोष्ट महत्त्वाची आहे. इंग्रजी–इटालियन भागाचा उपयोग मुख्यतः इटालियन शिकणाऱ्या इंग्रजास होणार होता. आपल्याला 'वूड' म्हणजे रान अभिप्रेत आहे की सरपण, हे त्या इंग्रजास आधीच ठाऊक असे; त्यास हवा असे केवळ इटालियन शब्द. इटालियन भाषांतरकार नेमका पलीकडच्या काठावर उभा होता. अर्थ कोणता हाच त्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर त्या कोशांतून क्वचितच मिळे.

बारेत्ती हा सॅम्युअल जॉन्सनच्या स्नेह्यांपैकी. त्याच्या कोशाची अर्पणपत्रिका जॉन्सननेच लिहून दिली होती. जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये निघाला, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्याने कबुली दिली आहे की कोशकाराची खरी दमछाक करतात ती नित्याच्या वापरातील सैल व व्यापक अर्थाची क्रियापदे. एकट्या 'टेक' या क्रियापदाखाली त्याने शंभराहून अधिक अर्थ क्रमांक घालून नोंदवले. पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' ही सर्वांत लांब नोंद ठरली, आणि त्यानंतरच्या सुधारणेत 'रन' या क्रियापदाच्या अर्थांची गणना सहाशेच्या पलीकडे गेली. इंग्रजीतील सर्वांत लहान, सर्वांत घरगुती शब्द हेच तिचे सर्वांत गहन शब्द होत. बारेत्तीस या गोष्टीची पुरेपूर जाणीव होती. १७७७ मध्ये त्याने व्होल्तेअरच्या शेक्सपियरविषयक मतांवर जो फ्रेंच निबंध लिहिला त्याचा रोखच असा होता की ज्यास इंग्रजी नीट अवगत नाही त्याने शेक्सपियरचा न्याय करू नये. तोपर्यंत इटलीस इंग्रजी साहित्याचा परिचय बव्हंशी फ्रेंचच्या खिडकीतूनच होत असे. या खिडकीतून शब्दांचे काय होते, याचे एक उदाहरण पाहू.

जॉन लॉकने मानवी आकलनाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीच्या एकत्वाची मीमांसा 'कॉन्शसनेस' या शब्दावर उभी केली. पिएर कोस्तने १७०० मध्ये त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न पडला की फ्रेंच 'कोंसिआंस' या शब्दाचा रूढ अर्थ सदसद्विवेकबुद्धी. जाणीव या अर्थी तो कसा वापरावा? त्याने तो शब्द मध्ये संयोगचिन्ह घालून लिहिला आणि तसे का केले हे टिपेत सांगितले. त्या छोट्याशा आडव्या रेषेने फ्रेंच तत्त्वज्ञानास एक नवी संकल्पना दिली. युरोपभर लॉक वाचला गेला तो पुष्कळसा या फ्रेंच भाषांतरातून. इटालियन 'कोशेंत्सा' या शब्दात सदसद्विवेक आणि जाणीव हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. लॉकचा भाषांतरकार त्यामुळे अडतो; परंतु शेक्सपियरचा भाषांतरकार त्याच कारणाने सुटतो. हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगतात 'कॉन्शन्स' हा शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ पापभीरू विवेक असा घ्यावा की अंतर्मुख विचार असा घ्यावा, यावर इंग्रज भाष्यकारांत मतभेद आहेत. कारण शेक्सपियरच्या काळी तो शब्द दोन्ही अर्थ वाहत होता आणि आधुनिक इंग्रजीने त्यांची वाटणी करून टाकली. इटालियन भाषांतरकार 'कोशेंत्सा' लिहितो आणि मूळ संदिग्धता अबाधित ठेवून पुढे जातो. इंग्रजीने जे गमावले ते इटालियनमध्ये अद्याप शिल्लक आहे.

याच शब्दाने पुढे उलट दिशेने सूड उगवला असे म्हणावयास हरकत नाही. त्रिएस्ते येथील इतालो स्व्हेव्हो याची 'ला कोशेंत्सा दी झेनो' ही कादंबरी १९२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नावात विवेकाची टोचणी आणि आत्मजाणीव हे दोन्ही अर्थ आहेत, आणि कादंबरीचा सारा उपरोध त्या दोहोंमधील अंतरावर चालतो. १९३० मध्ये बेरिल द झूट यांनी इंग्रजी भाषांतर केले तेव्हा या पेचातून त्यांनी 'कन्फेशन्स' हा तिसराच शब्द घेऊन वाट काढली. विल्यम वीव्हरच्या २००१ च्या भाषांतराने 'कॉन्शन्स' पत्करला, म्हणजे दोहोंपैकी एका अर्थाकडे कल दिला. दोन्ही भाषांतरकार आपापल्या परीने समर्थ आहेत. पण ज्या जागी इटालियन लेखकास निवड करावीच लागली नाही तेथे इंग्रजीत ती करणे प्राप्तच होते.

समान वारसा हा नेहमी असा उपकारक ठरतोच असे नाही. 'ऑनेस्ट' हा इंग्रजी शब्द आणि 'ओनेस्तो' हा इटालियन शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेले. 'ऑथेल्लो' नाटकात 'ऑनेस्ट' व त्याचे भाववाचक रूप पन्नासाहून अधिक वेळा येते, आणि त्यांतील बरेचसे प्रयोग आयागो या खलपुरुषास अनुलक्षून आहेत. विल्यम एम्पसनने 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) या ग्रंथात या एका शब्दाची जी चिकित्सा केली ती आधुनिक समीक्षेतील एक आदर्श मानली जाते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की शेक्सपियरच्या काळात या शब्दात सचोटी, स्त्रीचे पातिव्रत्य, स्पष्टवक्तेपणा आणि सोबत्यास म्हणावयाचा 'भला गडी' असे अनेक पदर गुंफले गेले होते. त्या शेवटच्या पदरात वरच्याने खालच्याची पाठ थोपटावी असा किंचित तुच्छतेचा सूरही होता. आयागोस सर्वजण 'ऑनेस्ट' म्हणतात तेव्हा ते त्याच्यावर विश्वास टाकतात आणि त्याच श्वासात त्यास त्याची पायरी दाखवतात. त्याच्या मनातील विष या दुसऱ्या पदरावर पोसले जाते.

इटालियन 'ओनेस्तो'मध्ये सचोटी आहे, स्त्रीच्या संदर्भात शीलही आहे. परंतु पाठ थोपटणारा तो सलगीचा सूर नाही. भाषांतरकारापुढे दोनच मार्ग उरतात. प्रत्येक प्रसंगी योग्य तो अर्थ पाहून कधी सच्चा, कधी भला, कधी निष्कपट अशा अर्थाचे वेगवेगळे इटालियन शब्द घातले, तर प्रत्येक वाक्य स्वाभाविक होते. पण ज्या एका शब्दाच्या पुनरावृत्तीने प्रेक्षकाच्या कानावर उपरोधाचा घाव पडत राहतो ती पुनरावृत्ती नाहीशी होते. सर्वत्र 'ओनेस्तो' ठेवला तर धागा टिकतो, मात्र आयागोचा अपमान ऐकू येत नाही. लेओनी, रुस्कोनी, कार्कानो अशा एकोणिसाव्या शतकातील इटालियन भाषांतरकारांपासून आजवर ज्याने ज्याने हे नाटक हाती घेतले त्यास या दोहोंत तडजोड करावी लागली आहे. आर्रीगो बॉइतोने व्हेर्दीच्या १८८७ च्या संगीतिकेसाठी संहिता रचली. इंग्रजी मुळाबरोबर त्याने फ्रांस्वा-व्हिक्तोर ह्यूगोच्या फ्रेंच भाषांतराचाही आधार घेतला होता. त्याने पहिल्या अंकात आयागोस 'ओनेस्तो' म्हणवून घेतले आहे, पण शब्दाच्या सततच्या आवर्तनास संगीतिकेच्या आटोपशीर संहितेत जागा नव्हती. गंमत अशी की या नाटकाची मूळ कथा इटालियनच. जिराल्दी चिन्त्सिओच्या १५६५ च्या कथासंग्रहातून ती इंग्लंडला गेली. कथा माहेरी परतली, पण जो शब्द तिने सासरी कमावला होता तो काही तिला बरोबर आणता आला नाही.

आता सर्वांत साध्या शब्दाकडे वळू. 'यू' हे सर्वनाम अनेकार्थी आहे असे कोणा इंग्रजास सुचणार नाही. परंतु इटालियनमध्ये जिव्हाळ्याचे 'तू' आहे, आदराचे 'लेइ' आहे, आणि 'व्होइ' हे अनेकवचन असून दक्षिण इटलीत व जुन्या वळणाच्या बोलण्यात एका व्यक्तीसही आदरार्थी लावले जाते. इंग्रजीतही पूर्वी 'दाऊ' आणि 'यू' असा भेद होता. शेक्सपियरच्या पात्रांच्या रागलोभाप्रमाणे त्यांचा पालट होतो, आणि त्याच्या भाषांतरकारास त्यातून निश्चित खुणा मिळतात. पुढे नित्याच्या बोलण्यातून 'दाऊ' लोपला आणि 'यू'वर सारा भार पडला. म्हणजे या शब्दाचे अनेकार्थत्व इतिहासाने घडवलेले आहे. डिकन्सच्या किंवा हेमिंग्वेच्या कादंबरीत दोन माणसे परस्परांशी बोलू लागली की इटालियन भाषांतरकारास त्यांचे नाते ठरवावे लागते. आणि प्रेमिकांच्या संवादात कोणत्या पानावर, कोणत्या वाक्यापाशी 'लेइ'चे 'तू' होते, हे मूळ लेखकाने न लिहिलेले पाऊल त्यास स्वतःच्या जबाबदारीवर टाकावे लागते.

१९३८ मध्ये ही जबाबदारी राज्यसत्तेने आपल्याकडे घेतली. त्या वर्षीच्या १५ जानेवारीस 'कोर्रिएरे देल्ला सेरा' या दैनिकात ब्रूनो चिकोन्यानी या लेखकाने 'लेइ'च्या उच्चाटनाची मागणी करणारा लेख लिहिला. 'लेइ' हे परकीय अमलाच्या काळातील लाचारीचे अवशेष आहे, रोमन परंपरेस 'तू' आणि 'व्होइ' हेच साजेसे, असा त्या प्रचाराचा युक्तिवाद होता. फासिस्ट पक्षाचा चिटणीस आकिल्ले स्ताराचे याने ही मागणी उचलून धरली आणि त्याच वर्षी पक्षात व सरकारी नोकरवर्गात 'व्होइ'ची सक्ती झाली. आता 'लेइ' या शब्दाचा दुसरा अर्थ 'ती' असा आहे. या नावाचे स्त्रियांचे एक साप्ताहिक निघत असे. त्याच्या नावाचा आदरार्थी सर्वनामाशी काडीचा संबंध नव्हता. तरी त्यासही १९३८ मध्ये नाव बदलून 'आन्नाबेल्ला' व्हावे लागले. अनेकार्थी शब्दाचे अर्थ वेगळे करण्याची उसंत सत्तेस नसते.

भाषांतरांवर याचा परिणाम काय झाला? ज्या कादंबरीचे कथानक एकोणिसाव्या शतकातील आहे तेथे 'व्होइ' खटकत नाही. तो त्या काळाचा शिष्टाचारच होता. पण समकालीन अमेरिकन शहरातील दुकानदार, वार्ताहर, टॅक्सीचालक परस्परांस 'व्होइ' म्हणू लागले की संवादास एक कृत्रिम ताठरपणा येतो. त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. १९३८ ते १९४३ या काळातील भाषांतर आज हाती घेतले आणि त्यात 'व्होइ' आढळला, तर भाषांतरकाराने तो पात्रांचे नाते पाहून निवडला की हुकूम म्हणून स्वीकारला, हे त्या पानावरून सांगता येत नाही. निवड हीच ज्याच्या कलेची खूण, त्याची ती खूणच तेथे पुसली गेली आहे.

आणि तरीही तोच काळ इटालियन भाषांतराचा एक सर्जनशील काळ ठरला हे नमूद केले पाहिजे. चेझारे पावेसेने १९३० मध्ये व्हिटमनवर प्रबंध लिहिला आणि १९३२ मध्ये 'मोबी डिक'चे भाषांतर ट्यूरिनहून प्रसिद्ध केले. त्यातील देवमाशांच्या शिकारीच्या संज्ञा कष्टसाध्य होत्या खऱ्या. परंतु त्या कोशांतून व ग्रंथांतून मिळवता येत होत्या. सिंक्लेअर लुइस व शेरवूड अँडरसन यांच्या बोलभाषेने त्यास अधिक सतावले. 'गेट', 'टेक', 'पुट' यांसारख्या क्रियापदांना एखादे अव्यय चिकटले की बोलीत निराळाच अर्थ उगवतो, आणि तत्कालीन कोशांस त्याचा पत्ताही नसे. १९२९ पासून काही वर्षे पावेसेने अमेरिकेतील ग्रीन बे या गावी राहणाऱ्या आंतोनिओ क्युमिनात्तो या इटालियन-अमेरिकन संगीतशिक्षकाशी पत्रव्यवहार केला. पावेसे अडलेल्या प्रयोगांच्या याद्या पाठवी आणि क्युमिनात्तो एकेकाचा अर्थ, कोण कोणाशी असे बोलतो या तपशिलासह, उलगडून सांगे. हा पत्रव्यवहार आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. बारेत्तीच्या काळापासून कोशांत जी उणीव होती ती येथे एका जिवंत माणसाने भरून काढली, कारण शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी लागणारी परिस्थिती तोच पुरवू शकत होता. पुढे एलिओ व्हित्तोरिनीचा 'आमेरिकाना' हा कथासंग्रह १९४१ मध्ये अडवला गेला आणि १९४२ मध्ये व्हित्तोरिनीच्या टिपणांऐवजी एमिलिओ चेक्कीची प्रस्तावना जोडून बाहेर पडला, यावरून भाषांतर हे त्या राजवटीस किती दखलपात्र वाटत होते हे दिसते.

या इतिहासाचा आपल्याशी काही संबंध आहे काय? मला वाटते, आहे. भारतीय भाषांतील साहित्य परस्परांत येते तेव्हा पुष्कळदा ते इंग्रजीच्या मार्गाने येते. बंगालीत 'तुइ', 'तुमि' आणि 'आपनि' अशा तीन पायऱ्या आहेत, हिंदीत 'तू', 'तुम' आणि 'आप' आहेत, मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' आहेत. बंगाली लेखकाने एखाद्या वळणावर 'तुमि'चे 'तुइ' केले असेल, आणि त्या एका पालटात अपमान किंवा वात्सल्य भरले असेल. इंग्रजीच्या 'यू'मधून जाताना तो पालट पुसला जातो, आणि मराठी भाषांतरकारास जे मुळात लिहिलेले होते ते पुन्हा अंदाजाने निर्माण करावे लागते. काका-मामा, आत्या-मावशी यांची हीच गत होते. इंग्रजीकडून येणाऱ्या भाषांतरकाराचा पेच अपरिहार्य असतो. हा पेच मात्र आपण स्वतःहून ओढवून घेतलेला आहे. शेक्सपियरविषयी फ्रेंचच्या मध्यस्थीने बोलणाऱ्यांवर बारेत्ती १७७७ मध्ये रागावला होता. त्या रागाचे कारण आपल्या परिस्थितीत अधिकच लागू पडते, कारण येथे मूळ भाषा आणि लक्ष्य भाषा यांच्या घडणीत पुष्कळ साम्य असून मधली भाषाच तेवढी निराळी आहे. आज यंत्राकरवी होणाऱ्या भाषांतराने हा प्रश्न संपलेला नाही. बहुसंख्य वाक्यांत काय आढळते याच्या हिशोबाने यंत्र 'तुम्ही' किंवा 'लेइ' सुचवू शकते. या दोन माणसांत आज सकाळी काय घडले याचा हिशोब मात्र कोणास तरी वाचूनच मांडावा लागतो.

म्हणून भाषांतराच्या परीक्षणाची आपली रीत थोडी बदलावी अशी सूचना करावीशी वाटते. दुर्मीळ शब्दांना कोणते प्रतिशब्द योजले हे पाहण्याबरोबरच, 'यू'चे काय केले, 'नो'चे काय केले, एकाच मूळ शब्दाची किती रूपे केली आणि कोठे ती एकत्र राखली, हे परीक्षकाने पाहावे. भाषांतर थेट मुळावरून केले की मधल्या भाषेतून, हे मुखपृष्ठाच्या आतील पानावर स्पष्टपणे छापले जावे. आणि ज्यांस दोन भारतीय भाषा येतात अशा तरुण अभ्यासकांनी एकेका साध्या शब्दाचा असा प्रवास नोंदवून ठेवावा. फ्लोरिओपासून पावेसेपर्यंतच्या वाटेवर जे काम इटालियनांनी आणि त्यांच्या इंग्रज स्नेह्यांनी मिळून केले, ते आपल्याकडे मराठी व बंगाली, कन्नड व हिंदी, तमिळ व ओडिया अशा कितीतरी जोड्यांसाठी व्हावयाचे आहे.